घटावरचे चार बोकड

कराडहून निघताना जो भेटला त्यानं एकच विचारलं, "सोनं आणणार ना?" उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवलेल्या बाईला सोन्याचं काय करायचंय, पण लोकांच्या तोंडी कोण लागणार! मी हो म्हटलं आणि निघाले. धाकटा भाऊ सुधीर दुबईला नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. "ताई, आता निवृत्त झालीस, ये की," असं दर फोनवर म्हणायचा. घरात बसून राहिले तर शेजारणी मला त्यांच्या भिशीत ओढतील, या धास्तीनं मी शेवटी तिकीट काढलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नवरात्र नुकतंच बसलं होतं.

विमानतळावर घ्यायला भावजय अनुराधा आणि भाची रुचा आल्या होत्या. सुधीर कंपनीच्या कामासाठी अबुधाबीला होता, तो गुरुवारी संध्याकाळी परतणार होता. दारं सरकली आणि बाहेरची हवा अंगावर आली. भाकरी भाजताना तव्यावर वाकलं की तोंडाला लागते ना, तशी. मी म्हटलं, "अगं बाई, हा आश्विन आहे का वैशाख?" रुचा हसून म्हणाली, "आत्या, धिस इज द गुड वेदर!" या पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. मला राग येतो. पण पहिल्याच दिवशी ओरडायचं नाही, असं मी घरून ठरवून आले होते.

सुधीरचं घर अल मनखूलमध्ये. उंच काचेच्या इमारती टॅक्सीतून लांब दिसत राहिल्या आणि आम्ही शिरलो ते साध्या, तीन-चार मजली वस्तीत. गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या साड्या, खाली किराणा दुकान, दुकानाच्या दारात कढीपत्त्याच्या जुड्या आणि कुठल्याशा खिडकीतून मोहरी तडतडल्याचा वास. समुद्र ओलांडून आले तरी मी आहे तिथंच आहे, असं वाटून थोडी निराशाच झाली.

घरात शिरल्यावर अनुराधानं आधी घट दाखवला. हॉलच्या कोपऱ्यात पाट, पाटावर पत्रावळीत माती, मातीत पेरलेले गहू आणि मध्यभागी पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं. शेजारी अखंड दिवा. वर दोरीनं टांगलेल्या झेंडूच्या माळा. गव्हाला पांढरे कोंब फुटले होते. मडक्यातून पाणी झिरपतं, त्यावर धान्य उगवतं, दसऱ्यापर्यंत घट जागचा हलवायचा नाही. ही आमच्या घरची रीत. आई होती तोवर तिनं केली, आता अनुराधा करते. ती कौतुकानं म्हणाली, "वन्सं, इथं वाळूच वाळू. माती नर्सरीतून आणली. दरवर्षी मी स्टीलचा तांब्या ठेवत होते, यंदा पहिल्यांदा खरं मडकं मिळालं."

मी नमस्काराला वाकले. चष्मा नाकावर घसरला, तो सावरला आणि माळेच्या खाली मला एक शिंग दिसलं.

मी माळ बाजूला केली. मडक्याचा रंग आपल्या कुंभाराच्या मडक्यासारखा तांबडा नव्हता. फिकट, गव्हाळ. त्यावर काळपट तपकिरी रेघांनी काढलेला रानबोकड. अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पाय म्हणजे चार काड्या आणि शिंगं मात्र अशी लांब की पाठीवरून वळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ झालेलं. त्या वर्तुळाच्या पोटात चौकटीचौकटींची जाळी. बोकडाच्या पुढं पाण्याच्या उभ्या नागमोडी रेघा. वर गळ्याभोवती लांब मानेच्या पक्ष्यांची रांग, इतकी दाट की फणीचे दात वाटावेत. नक्षीकामाच्या तासाला मी हा बोकड फळ्यावर किती वर्गांसाठी काढला असेल! प्राचीन इराणी रंगवलेलं मृत्पात्र. प्राण्याला भूमितीत कसं बसवायचं, याचा नमुना म्हणून शिकवायचे. पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छापावरून. आणि तो इथं माझ्यासमोर, त्याच्या दोन्ही शिंगांच्या मध्ये हळदीकुंकवाची बोटं ओढलेली.

मी पाटाशेजारीच बसले.

"अनुराधा, हे कुठून आणलंस?"

"ह्यांनी आणलं. मी महिनाभर मागे लागले होते, घटासाठी मडकं बघा म्हणून. अबुधाबीला जाताना म्हणाले, स्टोअरमध्ये मडकं आहे, सांभाळ. बघते तर लाकडी खोक्यात, कापसात ठेवलेलं! म्हटलं, यंदा कधी नव्हे ते लक्षात ठेवलं माणसानं."

"मडकं कुणी कापसात ठेवतं का, बाई?"

"ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही का? रिमोटला प्लॅस्टिक घालतात."

ते खरंच होतं. मी सुधीरला फोन लावला. मडकं म्हणताच तो म्हणाला, "ताई, त्याला कुणी हात लावू नका. अरबाबचं आहे ते." अरबाब म्हणजे मालक, तिथं सगळे आपल्या मालकाला असंच म्हणतात. मी म्हटलं, "हात लावून झालाय. त्यात पाणी आहे." तो म्हणाला, "पाणी म्हणजे?" "सुधीर, घट बसलाय." मग त्यानं सगळं सांगितलं.

हकिकत अशी होती. सुधीरचे अरबाब खोर फक्कानला राहायचे, पलीकडच्या किनाऱ्यावर. त्यांची आई लग्न होऊन समुद्रापलीकडून, इराणच्या बाजूनं आली होती. तिच्या वडिलांना विहीर खणताना हे भांडं सापडलं होतं, ते त्यांनी लेकीबरोबर दिलं. आईची म्हणून अरबाबकडे एवढी एकच वस्तू राहिली होती. दुबईत कुणाकडून तरी मापाची काचेची पेटी करून घे आणि शुक्रवारी परत आणून दे, म्हणून त्यांनी ते विश्वासानं सुधीरच्या हाती दिलं होतं. पेटी तयार होऊन ऑफिसात पडली होती.

"ताई, त्यांच्या सहीवर आमचे तिघांचे व्हिसे आहेत," सुधीर म्हणाला. "ते रागावले आणि कॅन्सल म्हणाले की संपलं. रुचाचं दहावीचं वर्ष आहे गं. मी येईपर्यंत काही करू नका." तिथं राहणाऱ्या माणसाच्या तोंडून कॅन्सल हा शब्द कसा निघतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. आपल्याकडे मोठ्या आजाराचं नाव काढताना निघतो तसा.

अनुराधानं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "मी काय केलं हो हे, वन्सं?" मला तिची दया आली आणि सुधीरचा असा राग आला की बस्स. 'मडकं आहे' म्हणे! अरे, 'मालकाचं' हा एक शब्द जड झाला होता का जिभेला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना. निदान रंगाला काय झालंय ते तरी कळू दे, म्हणून मी ओलं बोट फिरवून पाहिलं. हे रंग आव्यात भाजलेले असतात, पाण्यानं जाणार नाहीत, एवढं मला माहीत होतं. मडक्याभोवती असे चार बोकड होते; पहिला चोळला. हूं की चूं नाही. दुसऱ्यावरची हळद मात्र मातीत मुरली होती, ती जाईना. रंग त्याचाही पक्का आणि तिसऱ्याचाही. जरा जीव भांड्यात पडला. मग चौथा, भिंतीकडे तोंड असलेला. त्याच्या शिंगावर बोट फिरवलं आणि बोट काळं झालं.

मी बोटाकडे बघत राहिले. मडक्याकडे पाहिलं तर शिंगाचा मधला तुकडा पुसला गेला होता. हजारो वर्षं टिकलेली रेघ एका बोटात गेली! तिघे पक्के आणि हा एकटाच कच्चा, हे कसं, ते मला समजेना. अनुराधा मागंच उभी होती. ती म्हणाली, "मी पाणी घातलं म्हणून." मी म्हटलं, "मी चोळलं म्हणून." यावर आमची दोघींची चक्क वादावादी झाली, आणि त्यात दोघींनाही रडू आलं.

संध्याकाळी सुधीर आला. बूट न काढता घटासमोर उभा राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसतं म्हणाला, "उद्या सकाळी निघायचं." अनुराधा म्हणाली, "अहो, घट हलवायचा नाही दसऱ्यापर्यंत." तो म्हणाला, "मग दसऱ्याला कराडलाच जाऊ या. कायमचे." रात्री कुणी धड जेवलं नाही.

शुक्रवारी तिनं पहाटेच न्हाऊन देवीला हात जोडले. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तुम्ही नका लावू हात. जे व्हायचं ते माझ्यावर." वाटीनं एकेक करून सगळं पाणी तिनं तांब्याच्या कलशात काढलं, कलश मातीवर ठेवला, माळा त्यावर सोडल्या. मडकं उचलताना तिचे ओठ हलत होते. रिकामं मडकं खिडकीपाशी आणलं आणि तिनंच आधी पाहिलं. गळ्यापासून बुडापर्यंत एक बारीक ओली काळी रेघ. चौथ्या बोकडाच्या शिंगामधूनच गेलेली.

"चीर गेली," ती म्हणाली. "भरून ठेवल्यामुळं चीर गेली."

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

रुचाला शेजाऱ्यांकडे सोडलं. ऑफिसातून आणलेली काचेची पेटी डिकीत ठेवली, पण ओलं मडकं त्यात बंद करायचा मला धीर होईना. जुन्या सुती साडीत गुंडाळून मी ते मांडीवर घेतलं. शारजा मागं पडलं, मग धैद आलं आणि वाळवंट सुरू झालं. वाळू पिवळी असते असं मी पोरांना जन्मभर रंगवायला लावलं. इथं ती विटकरी होती, मधेच गुलाबी. रस्त्याकडेला उंट चरत होते. सुधीर एरवी मला गाडी थांबवून दाखवत बसला असता. तो एकटक समोर बघत होता. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की आमचे तिघांचेही हात मडक्याकडे जात होते.

गाडीतल्या एसीनं मडकं वाळायला लागलं. साडीची घडी उघडून बघते तर बोकडांवर पांढरी भुकटी आली होती. अनुराधा किंचाळली, "वन्सं, हे काय?" क्षणभर मीही घाबरले. मग बोटाला लावून जिभेवर ठेवलं. खारट. "लोणा आहे," मी म्हटलं. "ओल्या भिंतीला लागतो ना, तोच. मातीतलं मीठ वर आलंय. हा पुसला की जातो." मी पदरानं हलकेच पुसलं. बाकी सगळीकडचा गेला. त्या चिरेवरचा मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला.

मसाफीला डोंगर सुरू होतात. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळं, गालिचे आणि मातीच्या कुंड्यांची दुकानं आहेत. सुधीर पाणी घ्यायला उतरला. मी पाय मोकळे करायला दार उघडलं, मडकं मांडीवरच. शेजारचा पठाण दुकानदार लगबगीनं आला. "बहनजी, ये पुराना है, हमारे पास नया देखो!" असं म्हणत, आपण माठ घेताना वाजवून बघतो तसं, त्यानं मडक्यावर बोटाचं पेर मारलं. मी "हात लावू नको!" असं ठार मराठीत ओरडले, पण आवाज येऊन गेला होता.

बद्द.

चांगलं मडकं खणखणतं. बद्द वाजलं की ते फुटकं, हे आपल्याकडे लहान पोराला कळतं. पठाण ओशाळून म्हणाला, "टूटा है, बहनजी." अनुराधानं डोळ्यांना पदर लावला. मला त्याचा राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, तरी मी दार धाडकन लावून घेतलं. सुधीर पाण्याच्या बाटल्या घेऊन आला आणि म्हणाला, "यल्ला, चला." (यल्ला म्हणजे चला. दोन्ही एकदम म्हणायची तिथल्या मराठी माणसांना सवय आहे.) पठाणाबद्दल आम्ही दोघींनी त्याला काही सांगितलं नाही.

उघडे, काळे-तपकिरी डोंगर. गवताचं पातं नाही. मग एका वळणावर खाली एकदम निळा समुद्र. किनाऱ्यानं वर जात राहिलं की खोर फक्कान येतं: अर्धवर्तुळाकार शांत खाडी, नारळाऐवजी खजुराची झाडं आणि टोकाला बंदराच्या मोठाल्या क्रेन, त्यांच्याखाली कंटेनरच्या रंगीत चळती. कुठल्याही दिवशी मी तिथं चित्राची वही काढली असती. त्या दिवशी एवढंच मनात आलं, की पोचलो.

घर समुद्रासमोर होतं. शुक्रवारची दुपारची नमाज आटोपून अरबाब बैठकीत बसले होते. पांढरा झगा, पांढरी आखूड दाढी, बारीक अंगकाठी. बायकांना खरं तर आतल्या खोलीत बसवतात. पण "सुधीर का बहन, बीवी, सब इधर बैठो, मैं बुड्ढा हूँ," असं म्हणून त्यांनी आम्हाला तिथंच बसवलं. हिंदी बोलायचे ते जुन्या मुंबईचं. तरुणपणी खजुराच्या गलबतांबरोबर यायचे म्हणे. बोलताना चेहरा आमच्याकडे होता, नजर मात्र जराशी बाजूला. त्यांना फार थोडं दिसतं, उजेड आणि सावली एवढंच, हे सुधीर मला सांगायला विसरला होता. हा माणूस काय काय सांगत नाही, याची यादीच करायला हवी!

त्यांची मुलगी मरियम कहवा (बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी) घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. घर तीच बघायची. इवलासा कप संपवला की ती पुन्हा भरी. नको असेल तर कप हातात हलवायचा असतो, ते मला माहीत नव्हतं. मी बिचारी पीत राहिले आणि छातीत आणखीच धडधडायला लागलं. मग जेवण आलं. मछबूस म्हणजे मसालेभात, त्यावर अख्खा मासा. एकाच मोठ्या ताटात. आम्हा दोघींचा नवरात्राचा उपास, म्हणून खजूर आणि फळं आली. भांड्याचा विषय कुणी काढेना. पाहुण्याच्या पोटात अन्न जाण्याआधी कामाचं बोलायचं नाही, अशी तिथली रीत. सुधीरच्या कपाळावर एसीत घाम होता.

शेवटी हात धुऊन झाल्यावर अरबाब म्हणाले, "मेरी अम्मा का बर्तन लाया?"

मी मडक्याभोवतीची साडी सोडली आणि ते त्यांच्यासमोर गालिच्यावर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी काठ चाचपला. सुधीरनं माझी ओळख करून दिली, बहीण चित्रकला शिकवते. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "फिर आप बोलो मुझे, उस पर क्या है. बच्चों से पूछता हूँ तो बोलते हैं, बकरा है. अरे, बकरा तो मैं भी जानता हूँ!"

मी सुधीरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. सांगितलं नसतं तर हळद लपली असती. शिंग लपलं असतं. त्यांना दिसत नव्हतं. ही गोष्ट आम्हा तिघांच्याही मनात एकाच वेळी आली, हे मी शपथेवर सांगते.

मी सांगायला लागले. गळ्याभोवतीचे पक्षी, त्यांच्या मानांची रांग. पाण्याच्या नागमोडी रेघा. पहिल्या बोकडाचे दोन त्रिकोण, आणि शिंग कसं पाठीवरून निघून शेपटीपाशी टेकतं, आणि त्या वर्तुळातली जाळी बहुधा शेत असावं किंवा तळं. ते डोळे मिटून ऐकत होते. बोट हवेत शिंगासारखं वळवत होते. मी मडकं थोडं फिरवलं. दुसरा बोकड. "इधर..." मी म्हटलं आणि थांबले. मग म्हटलं, "इधर सींग के बीच में पीला और लाल दाग है."

"पीला तो नहीं था," ते म्हणाले.

अनुराधा पुढं सरकून बसली. "अरबाब, वो मैंने लगाया. हमारी पूजा होती है. मुझे मालूम नहीं था आपका है. मैंने इसमें पानी भरके रखा."

"पूजा," ते म्हणाले. एवढंच. सुधीरनं डोळे मिटून घेतले. मग अरबाब मला म्हणाले, "आगे बोलो."

तिसरा सांगितला. चौथ्यासाठी मडकं फिरवलं तेव्हा समुद्राकडच्या खिडकीचा उजेड सरळ मडक्याच्या तोंडातून आत पडला. आतल्या बाजूला, त्याच चिरेच्या रेघेवर, डिंकासारखे पिवळट वाळलेले थेंब ओळीनं होते. मी बोट घातलं. कडक, गुळगुळीत. हे सांधलेलं होतं! कुणीतरी केव्हाच फोडलेलं, कसल्याशा पक्क्या चिकटीनं जोडलेलं आणि सांध्यावरून शिंगाचा तुकडा साध्या रंगानं रंगवलेलं. म्हणून तेवढाच निघाला. आम्ही काही केलं नव्हतं! तोंड उघडून ते सांगणार, तेवढ्यात मी वर पाहिलं. दारात मरियम उभी होती. हातात कहव्याची सुरई, चेहरा पांढराफटक. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मग माझ्या डोळ्यांत बघून तिनं मान हलवली, अगदी जराशी. नको.

माझ्या जिभेला सगळं कराड घाबरतं. त्या क्षणी ती टाळ्याला चिकटली.

"क्या हुआ?" अरबाब म्हणाले. "चौथा बोलो."

अनुराधाला वाटलं मी तिच्यासाठी अडखळले. ती एकदम म्हणाली, "वो टूट गया है. नीचे तक चीर है, और सींग का रंग भी गया. मेरे हाथ से हुआ. इनका कोई कसूर नहीं है, आपको जो बोलना है मुझे बोलिए."

समुद्राचा आवाज आत येत होता.

"ला," दारातून मरियम म्हणाली. (ला म्हणजे नाही.) "ला. अना." नाही. मी.

सुरई खाली ठेवून ती वडिलांसमोर येऊन बसली आणि अरबीत बोलायला लागली. आधी हळू, मग भराभर. सुधीरला अरबी येतं. त्यानं नंतर सांगितलं ते असं: वडील डोळ्यांच्या ऑपरेशनला परदेशी गेले होते तेव्हा पुसताना तिच्या हातून भांडं पडलं. ते परत आले की सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. ते परत आले ते दृष्टी गमावूनच. मग तिला सांगवेना. बाजारातल्या एका माणसाकडून तिनं ते जोडून, रंगवून घेतलं होतं. रोज ते त्यावरून हात फिरवायचे आणि रोज ती बाजूला उभी असायची.

अरबाबच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग अजान झाली. त्यांनी हात पुढं केला आणि मरियमनं तो धरून त्यांना उठवलं, रोज उठवत असेल तसा. दारात ते थांबले.

"सुधीर, बक्से में रख दो. अबुधाबी का पेपर शनिवार को मेरे पास लाना, जल्दी."

"जी, अरबाब." सुधीर लगेच म्हणाला.

"और वो पीला," ते अनुराधाच्या दिशेनं म्हणाले, "रगड़ना मत. मुझे क्या, मैं तो देखता नहीं." आणि स्वतःशीच हसले. कडवट होतं का गमतीचं, ते मला आजही सांगता येणार नाही. "खलास." (खलास म्हणजे झालं, विषय मिटला.) मला मात्र ते मराठीतलं वाटलं, म्हणजे आता आपण संपलो. सुधीरनं लांब श्वास सोडला तेव्हा समजलं.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा मरियम फाटकातून धावत आली. मागच्या खिडकीशी वाकून तिनं अनुराधाचा हात धरला. डोळे लाल. "आपने क्यूँ बोला कि आपने तोड़ा? मेरे वास्ते?"

अनुराधा गोंधळली. "नहीं," ती म्हणाली. "मुझे तो लगा, मैंने ही तोड़ा."

मरियम तिच्याकडे बघतच राहिली. मग शेल्याचं टोक तोंडावर दाबून तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती फाटकाला धरून रडायला लागली. सुधीरनं गाडी सुरू केली.

दसरा झाला. कलशाखालचे कोंब हातभर नाही, पण बरे वाढले होते. नंतरच्या दिवसांत सुधीरनं मला सगळं दाखवलं. खाडीतली लाकडी गलबतं, मसाल्यांचा बाजार, सोन्याचाही. वही भरून चित्रं काढली. पण घरच्या लोकांना काय पाहिलं ते सांगायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते पुसलेलं शिंग आणि दारातला तो पांढराफटक चेहरा. मरियमचा अनुराधाला एकदा फोनही आला. वडील दोन दिवस बोलले नव्हते, मग तिसऱ्या दिवशी त्यांनी भांडं मागून घेतलं आणि सांधा कुठं आहे ते तिच्याच बोटानं दाखवायला लावलं.

परतीच्या दिवशी विमानतळावर सामान देऊन झालं. सुधीर गाडी लावायला गेला होता. अनुराधानं मला वाकून नमस्कार केला आणि उठता उठता विचारलं, "वन्सं, ते जोडलेलं आहे, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिचं तोंड बघितलं गं."

ती माझ्या पिशवीची चेन नीट लावत म्हणाली, "मला दिसलं असतं, तर मीही गप्पच बसले असते, आणि मग तीही. बरं झालं, मला काही दिसलं नाही ते."